डाव्या पायाखालची वंशावळ

अनंत चतुर्दशीच्या रात्री पुण्याच्या लक्ष्मी रोडवर गुलाल आणि धूप यांच्यात मिसळलेला आणखी एक वास असतो. उग्र, कडवट, काहीतरी करपल्यासारखा. देखावा वाहणारा ट्रक किंवा रथ ओढणारा ट्रॅक्टर पहिल्या गीअरमध्ये दहा फूट सरकतो, थांबतो, ढोल-ताशा पथक पुढे झालं की पुन्हा दहा फूट. टिळक चौकापर्यंतची ही मिरवणूक कित्येकदा २४ तास ओलांडते आणि तेवढा सगळा वेळ ड्रायव्हरचा डावा पाय क्लचवर असतो. करपलेला वास तापलेल्या क्लच प्लेटचा.

नारायण पेठेत राहणाऱ्यांना हा वास एरवीही परका नाही. संध्याकाळी केळकर रोडवर, पत्र्या मारुतीजवळ समोरून टेम्पो आला की, रमणबाग शाळा सुटताना किंवा लकडी पुलाच्या तोंडाशी सिग्नलला थांबताना तो येतोच. नारायणराव पेशव्यांच्या नावाने अठराव्या शतकात वसलेल्या या पेठेचे रस्ते माणसं, घोडे आणि बैलगाड्यांच्या मापाने पडले. त्याच रस्त्यांवर आज मोटारी चालतात आणि बहुतांश वेळ हाफ क्लचवर चालतात. म्हणून इथे क्लचच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. क्लच जड झाला, क्लच खाली बसला, क्लच घसरतोय, गीअर पडत नाही.

या तक्रारींचं मूळ शोधायचं असेल तर क्लचच्या पेडलची वंशावळ समजून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पेडलपासून इंजिनापर्यंतचा एकेक भाग आधीच्या पिढीची एखादी अडचण सोडवायला आला आणि येताना स्वतःचं एक दुखणं घेऊन आला. वंशावळ ठाऊक असली की दुखणं कुठल्या पिढीचं आहे हे ओळखता येतं.

या घराण्याचा मूळपुरुष मोटारीच्या आधीचा आहे. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यांत छताखाली एक लांब शाफ्ट सतत फिरत असे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे चामड्याचा पट्टा उतरे. यंत्र थांबवायचं म्हणजे इंजिन बंद करायचं नाही, पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. मोकळी पुली नुसती फिरत राहते, यंत्र थांबतं. पट्टा परत घट्ट पुलीवर आणला की काम सुरू. जुन्या पिठाच्या गिरण्यांत ही पद्धत अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यातही हीच युक्ती होती. दांडा ओढला की पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर जाई आणि गाडी हले.

पट्टा पावसात घसरे आणि चढावर दम सोडे. १८९१ मध्ये पॅरिसच्या पानार-लव्हासोर कंपनीने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गीअरबॉक्स आणि शेवटी मागची चाकं अशी मांडणी रूढ केली. पुढच्या काही दशकांच्या मोटारी या मांडणीवर बनल्या. चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंग आणि गीअरच्या दांड्यात गुंतलेले असत, तेव्हा क्लचचं काम पायाकडे आलं. पेडल जन्माला आलं ते असं, गरजेतून.

त्या काळातला क्लच शंकूच्या आकाराचा असे. इंजिनाला जोडलेल्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, खोलगट शंकू, त्यात बसणारा दुसरा शंकू आणि दोहोंच्या मध्ये चामडं. चामडं कोरडं पडलं की क्लच एकदम पकडे आणि गाडी धक्का देऊन सुटे. तेव्हा त्याला एरंडेल लावत. इंजिनचं तेल उडून चामडं ओशट झालं की क्लच घसरे आणि मग त्यावर फुलर्स अर्थ भुरभुरवत. ही माती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटार चालकाच्या पेटीत पान्यांबरोबर या दोन गोष्टी असत. आजही क्लच घसरत असेल तर पहिला संशय झिजेचा आणि दुसरा तेलाचा घ्यावा लागतो. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गळू लागलं की नवी प्लेटसुद्धा घसरते. दुखणं जुनंच आहे, मुलतानी मातीचा उपाय तेवढा गेला.

शंकू गेला आणि त्याच्या जागी सपाट चकती आली, तीच आपली क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटने बसवलेलं अस्तर असतं. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तर बनवायला सुरुवात केली, त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली आणि १९०८ च्या सुमारास अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आलं. उष्णता सोसणारा हा पदार्थ क्लचला मानवला, माणसाच्या फुप्फुसांना मात्र घातक ठरला. म्हणून पुढे तो हटवला गेला. जुन्या गाडीचा गीअरबॉक्स उतरवल्यावर आतली काळी भुकटी हवेचा फवारा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजमधल्या पोरांच्या छातीचा प्रश्न आहे.

प्लेट दाबून धरायला सुरुवातीला गोल मांडलेल्या अनेक स्प्रिंगा होत्या. इंजिनं ताकदवान झाली तशा स्प्रिंगा कडक झाल्या आणि चालकाची पिंढरी भरून येऊ लागली. १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सने एकाच पातळ पोलादी बशीची डायफ्राम स्प्रिंग वापरात आणली. युरोपात ती १९५० च्या दशकात पोहोचली आणि पुढे जवळपास सगळ्या मोटारींत बसली. बशीच्या मध्यभागी बोटांसारख्या पट्ट्या असतात. रिलीज बेअरिंग त्या बोटांवर रेटलं की कडा उचलते आणि प्लेट सुटते. पाय हलका झाला, पण इथेही एक मेख राहिली. प्लेट झिजत जाते तशी बोटांचा कोन बदलतो आणि पेडल हळूहळू जड होत जातं. रोज थोडं थोडं वाढणारं जडपण मालकाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या कुणी गाडी चालवली की तो पहिल्या मिनिटाला सांगतो.

पेडलची जागाही सहज ठरलेली नाही. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तीन पेडलं होती, पण डावं पूर्ण दाबलं की लो गीअर, अर्ध्यावर न्यूट्रल आणि सोडलं की हाय. मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताशी. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर हा आजचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये दिसतो आणि १९२२ मध्ये आलेल्या छोट्या ऑस्टिन सेव्हनने तो घराघरांत नेला.

गीअर न कुरकुरता पडावेत म्हणून सिंक्रोमेश आलं १९२८ मध्ये, तेही कॅडिलॅकमध्ये. ट्रक आणि बसपर्यंत ते पोहोचायला पुढे बराच काळ गेला. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या जमान्यातल्या ड्रायव्हरांना घाटात डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून गीअर न्यूट्रलला, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा एक झटका, पुन्हा क्लच दाबून खालचा गीअर. एकेका वळणावर हे सगळं, भरलेल्या गाडीसह. कानाने इंजिनचा सूर ओळखणाऱ्या त्या माणसांचं कौशल्य आपण पुरेसं नोंदवून ठेवलेलं नाही, याची खंत वाटते.

पायाचा जोर क्लचपर्यंत न्यायला पूर्वी दांडे आणि सांधे होते. त्यांची जागा केबलने घेतली आणि ही केबल थेट सायकलच्या घराण्यातली आहे. बाहेर गुंडाळलेल्या तारेचं आवरण आणि आत सरकणारी तार, हे अर्नेस्ट बाउडेनचं १८९६ चं पेटंट. ते आधी गाजलं सायकलच्या ब्रेकसाठी. सायकलींचं शहर म्हणून एके काळी ओळखल्या गेलेल्या पुण्याला ती तार हाताळायला कुणी शिकवायला नको होतं. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये क्लच केबलचाच होता. सायकलवाल्याकडे जशी ब्रेकची वायर, तशी गॅरेजमध्ये 'क्लच वायर' हा शब्द रुळून गेला.

केबलचं दुखणं दोन तऱ्हांचं. आतल्या तारेचे पदर एकेक करून तुटतात, किंवा आवरणात पाणी-धूळ जाऊन तार अडकत चालते. पेडल जड झालं की जाणता मेस्त्री आधी बॉनेट उघडतो. गीअरबॉक्सजवळच्या लिव्हरवरून केबलचं टोक सोडवतो आणि पेडल हाताने दाबून पाहतो. तरीही पेडल जड लागलं तर दोष केबलचा किंवा पेडलच्या बुशचा. पेडल हलकं झालं तर दोष पुढे, बेअरिंग ढकलणारा फोर्क, खुद्द बेअरिंग किंवा क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट यांपैकी कशात तरी. पाच मिनिटांची ही तपासणी अर्धं निदान करून टाकते. नवी केबल टाकताना ती मूळच्या वळणानेच न्यावी, एक्झॉस्टला टेकू देऊ नये आणि शेवटच्या नटने फ्री प्ले लावून घ्यावा. पेडलचा वरचा साधारण १० ते २५ मिलिमीटरचा भाग सैल हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. तेवढीही सैल जागा उरली नाही तर बेअरिंग सतत बोटांवर घासत राहतं आणि प्लेट पुरती पकडत नाही.

दुसरी शाखा ब्रेककडून आली. ब्रेक तेलाच्या दाबावर चालू लागले, मग क्लचनेही ती वाट धरली. महिंद्रा बोलेरोत आणि पिंपरीत बनलेल्या टाटा सुमोत असा क्लच आहे. पेडलमागे मास्टर सिलिंडर, गीअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये नळी. केबलसारखं रोज थोडं जड होणं इथे कमी, पण हा क्लच एके सकाळी फरशीपर्यंत खाली बसतो. अशा वेळी पेडल भराभर चार-पाचदा मारून पाहावं. दर वेळी थोडं वर येत असेल तर नळीत हवा आहे. मग गळती शोधायची. डॅशबोर्डखाली हात घालून पेडलचा पुशरॉड जिथे आत शिरतो तिथे बोट फिरवायचं. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले. खाली स्लेव्हचं रबरी टोपण उलटून पाहायचं. आत तेल साचलं असेल तर दोष तिथला. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचचं तेल एकाच डबीतून येतं, त्यामुळे डबीतली पातळी उतरली तर ती ब्रेकची गळती नाही ना, हे आधी बघावं.

वॉशर बदलल्यावर हवा काढताना दोघं लागतात. एक पेडल दाबून धरतो, दुसरा स्लेव्हचा निपल सैल करून पारदर्शक नळीतून बुडबुडे बाहेर सोडतो आणि पाय उचलण्याआधी निपल घट्ट करतो. बुडबुडे संपेपर्यंत हेच, डबी रिकामी होऊ न देता. टोपणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल वापरायचं. इंजिन ऑइलचा थेंब गेला तरी रबर फुगून सगळे वॉशर वाया जातात. अलीकडे काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गीअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवतीच बसवतात. तो गळला तर गीअरबॉक्स उतरवण्याखेरीज इलाज नसतो.

उरतो तो आतला दोष. तो कानाने आणि डोक्याने ओळखता येतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर शांत, तर संशय गीअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. इंजिनचा वेग वाढतो पण गाडीचा नाही, तर प्लेट घसरते. गाडी उभी असताना क्लच दाबून थोडं थांबलं तरी रिव्हर्स कुरकुरत पडत असेल, तर प्लेट पूर्ण सुटत नाही. घसरण्याची खात्री करायची तर मोकळ्या जागी चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गीअरवर क्लच हळू सोडावा. निरोगी क्लच इंजिन बंद पाडतो. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच घ्यावी, वारंवार घेतली तर परीक्षाच प्लेट जाळते.

गीअरबॉक्स उतरलाच तर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात 'क्लच सेट' मागावा, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा. मजुरी सगळी उतरवण्या-चढवण्याची असते, एक जुना भाग ठेवून वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा गीअरबॉक्स उतरवताना दुपटीने जातात. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा चरे दिसले तर तेही सोडून देऊ नये, आणि सील गळत असेल तर याच वेळी बदलून घ्यावं.

या वंशाचं पुढे काय? २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने आपल्याकडे एएमटी, म्हणजे क्लच आणि गीअर आपोआप सांभाळणारं तंत्र, आणलं. पेडल गेलं, पण आत प्लेट तीच आहे आणि ती दाबणं-सोडणं यंत्र करतं. त्यामुळे पेठेतल्या गर्दीत तीही झिजते. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनच्या विजेवरच्या गाडीत मात्र ना पेडल, ना प्लेट. विजेची मोटर शून्यापासून जोर लावते, तिला इंजिनासारखं फिरत राहावं लागत नाही, म्हणून तिला क्लचची गरज उरत नाही.

तोवर आपल्या रस्त्यांवर लाखो क्लच रोज दाबले जाणार आहेत. त्यांच्या मालकांना एवढंच सांगावंसं वाटतं. गाडी चालत असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका, सिग्नलला न्यूट्रल करा आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक वापरा. आणि कुणी पाहताक्षणी 'गीअरबॉक्स उतरवावा लागेल' असं सांगितलं, तर त्याला आधी पेडलपासून खाली उतरत केबल, तेल, वॉशर आणि फोर्क तपासायला लावा. जो मेस्त्री या क्रमाने जातो, त्याच्याकडेच पुन्हा गाडी न्या.