पिंपातले गप्पी मासे आणि वुजूचं पाणी

किहीम म्हटलं की डॉ. सालिम अली आठवतात. सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास १९३० साली इथेच झाला. पण वाड्या, विहिरी आणि आठवडाभर बंद राहणारे बंगले असलेल्या या पट्ट्यात पावसाळ्यात पाखरांपेक्षा डासांचीच चर्चा जास्त.

डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी अळी खाल्ली गेली की काम झालं. ते गप्पी मासा करतो. दिवसाला ऐंशी-शंभर अळ्या सहज फस्त करतो. तो अंडी नाही, थेट पिल्लं देतो, म्हणून एकदा सोडला की महिन्याभरात संख्या वाढते. दुसरा गंबुसिया. हा १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला. तो जास्त खादाड आहे, पण ओढ्या-तळ्यात गेला तर तिथल्या माशांची पिल्लंही संपवतो. घरच्या वापराला गप्पीच बरा.

दोनशे लिटरच्या पिंपाला तीन-चार मासे पुरतात, त्यात मादी हवीच. खाणं टाकू नये, पोट भरलं की अळ्यांकडे कोण बघणार! ब्लीचिंग पावडर टाकली तर मासे मरतात. पिण्याच्या माठात मासे नकोत, तिथे घट्ट झाकण. एडिसची अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. ती मासा खात नाही, म्हणून कडा आतून घासायलाच हव्यात. करवंट्या, टायर, फ्रिजमागची ताटली यांत मासे सोडायचे नाहीत, त्या रिकाम्या करायच्या.

घरोघरी विचारला जाणारा प्रश्न : या पाण्याने वुजू होतो का? होतो. मासा पाक आहे. आपल्या शाफई मसलकात मेलेला मासाही नापाक नाही. मात्र सडून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर ते पाणी वुजूला चालत नाही. म्हणून मेलेला मासा लगेच काढावा. शंका असली तर मौलानांना विचारावं. मुंबईच्या जुम्मा मस्जिदच्या हौदात तर मासे पोहताना आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

मासे विकत घेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. बरणी घरूनच न्यावी, तोंड रुंद असलेली.