मज्जारोपण : पिल्लांनी शिकवलेला नियम

1983 साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व सहकाऱ्यांनी भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावंडाची मज्जा देण्यात आली. भावंडाचीच का? याचे उत्तर बऱ्याच अंशी कुत्र्यांनी दिले.

अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी 1957 मध्ये रुग्णांना दुसऱ्याची मज्जा दिली, पण ते फार दिवस जगले नाहीत. परकी मज्जा शरीर नाकारते. आणि रुजलीच, तर तिच्यातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करतात. अनेकांनी हा मार्ग सोडला. थॉमस यांचा गट मात्र कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिला.

पेशींच्या पृष्ठभागावर ओळख पटवणारी प्रथिने असतात. माणसातील अशा पहिल्या प्रथिनाचा शोध झाँ दोसे यांनी 1958 मध्ये लावला. माणसातील या गटाला एच.एल.ए. म्हणतात, तर कुत्र्यातील गटाला डी.एल.ए. त्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने संचानेच वारशात येतात. आईच्या दोन संचांपैकी एक आणि वडिलांच्या दोनांपैकी एक, असे चार प्रकार संभवतात. म्हणून कोणतीही दोन भावंडे जुळण्याची शक्यता साधारण चारात एक असते. कुत्रीला एका वेतात अनेक पिल्ले होत असल्याने अशा जोड्या सहज सापडत.

1968 मध्ये थॉमस यांच्या गटाने पिल्लांची ही प्रथिने तपासून मज्जारोपण केले. जुळणाऱ्या भावंडाची मज्जा मिळालेली कुत्री बहुधा दीर्घकाळ जगली. न जुळणारी मज्जा मिळालेली दगावली. पुढच्याच वर्षी या गटाने सिअ‍ॅटल येथे जुळणाऱ्या भावंडांची मज्जा घेऊन रुग्णांवरील उपचार पुन्हा सुरू केले. थॉमस यांना 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन प्राण्यांना एकच नियम का लागू पडला, हे रचनेवरून कळते. 1987 मध्ये माणसाच्या एका एच.एल.ए. प्रथिनाचा आकार क्ष-किरणांनी उलगडला. त्याच्या माथ्यावर पन्हाळीसारखी खाच आहे : तळाशी सपाट पत्रा, दोन्ही बाजूंना मळसूत्री भिंती. पेशीतील प्रथिनांचे तुकडे या खाचेत ठेवून पांढऱ्या पेशींना दाखवले जातात. 2016 मध्ये कुत्र्याच्या डी.एल.ए. प्रथिनातही तशीच खाच दिसली. मात्र खाचेतील काही अमिनो आम्ले वेगळी असल्याने तिच्यात बसणारे तुकडेही वेगळे. म्हणजे कुत्र्याची मज्जा माणसाला चालणार नाही, पण कुत्र्याकडून शिकलेला जुळणीचा नियम चालतो.

वर्गात चार रंगांची कार्डे घ्या. दोन आईची, दोन वडिलांची. प्रत्येक 'मुलाला' दोघांकडून एकेक कार्ड द्या आणि जुळणारी भावंडे मोजा. लहान कुटुंबात दाता मिळणे अवघड का, हे विद्यार्थ्यांना आपोआप उमगेल.