राजवाड्यातली लक्ष्मी, मळवलीचा दगड

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये शिरलेला माणूस आधी खाली बघतो. इथली जमीन व्हेनिसच्या कारागिरांनी मोझेइकने मढवलेली. आवारातले पुतळे ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराचे. सयाजीराव गायकवाडांचा हा वाडा 1890 मध्ये पुरा झाला. आराखडा चार्ल्स मँट यांचा. पण ते 1881 मध्येच वारले आणि काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले.

थाट इटलीचा असला तरी या वैभवाचे मूळ मावळात आहे. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी 1717 मध्ये सेनापतीपद दिले. त्यांच्याच पदरी असलेल्या दमाजी गायकवाडांनी 1720 च्या बाळापूरच्या लढाईत पराक्रम गाजवून ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळवला. 1731 मध्ये डभईला पेशवे बाजीरावाच्या फौजेशी लढताना खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव दाभाडे पडले. तळेगावचा दरारा ओसरत गेला, बडोद्याचा वाढला.

मावळाने बडोद्याला राज्यकर्ते दिले. दीडशे वर्षांनी तिथली चित्रकला मावळात उतरली.

सयाजीरावांनी राजा रविवर्मा यांच्याकडून राजवाड्यासाठी 14 पौराणिक चित्रे काढून घेतली. ती प्रदर्शनात मांडली तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली. अशी चित्रे छापून घरोघर न्यावीत, असा सल्ला बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी आधीच दिला होता. 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा शिळाछापखाना निघाला. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि शतक संपता संपता छापखान्याने कार्ल्याजवळच्या मळवलीला बिऱ्हाड हलवले.

इथल्या कामात रंगागणिक वेगळा दगड लागे. एकच कागद एकेका दगडावरून जाई. तो केसभर सरकला, तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर. छापखान्याचे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी पुढे तो विकतच घेतला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी लोणावळ्यात याच छापखान्यासाठी काम करत. मळवलीच्या लक्ष्मी-सरस्वती मात्र केव्हाच देवघरांत जाऊन बसल्या होत्या. राजवाड्याची पायरी कधी न चढलेली माणसे त्यांना हळदकुंकू वाहत होती.

1972 च्या आगीत मळवलीचा छापखाना भस्मसात झाला. बडोद्यातली मूळ तैलचित्रे राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आजही तिकीट काढून पाहता येतात.