हंटरवाली ते मीरा देशमुख



स्मरणिकेसाठी माझ्याकडे इतिहासावरचा लेख मागितला गेला. दहावीला मला इतिहासात किती गुण होते ते बाईंना ठाऊक आहे. त्यामुळे शिवकालाच्या किंवा स्वातंत्र्यलढ्याच्या वाटेला न जाता, ज्या इतिहासावर आपल्यातला प्रत्येकजण हक्काने बोलतो तो घेतला आहे: रहस्याचे आणि मारामारीचे सिनेमे.

आपली बॅच जमली की या विषयावर तीन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं, जुन्या सिनेमातली मारामारी खरी असायची, आता सगळं कॉम्प्युटरवर करतात. दुसरं, जुने रहस्यपट संथ आहेत. खुनी मोकाट आणि हिरो बागेत गाणं म्हणतोय. तिसरं मत जरा दबक्या आवाजात येतं आणि बहुधा मुलांच्या टेबलावरून येतं: हल्ली हिरॉइनलाही मारामारी करायला लावतात, ते काही पटत नाही, हे सगळं हॉलिवूडचं अनुकरण आहे.

तिसऱ्या मताचं उत्तर १९३५ सालात आहे. त्या वर्षी वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ आला. मुखवटा घातलेली राजकन्या हातात चाबूक घेऊन घोड्यावरून निघते आणि धटिंगणांना लोळवते. काम करणारी नादिया म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात जन्मलेली आणि लहानपणीच भारतात आलेली मेरी इव्हान्स. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करत होती. उड्या तिच्या स्वतःच्या होत्या. म्हणजे आपल्याकडच्या मारधाडपटांच्या सुरुवातीच्या बिनीच्या नावांत एक बाई आहे, आणि ती आपल्या आजी शाळकरी वयात होत्या तेव्हाची आहे. अनुकरण म्हणायचंच असेल तर नंतरच्या बायकांनी नादियाचं केलं असं म्हणा.

मग ती बाई गेली कुठे? माझं मत असं की ती भूत झाली. १९४९ च्या ‘महल’पासून पुढची वीसेक वर्षं पडद्यावरची रहस्यमय स्त्री पांढऱ्या साडीत धुक्यातून चालत असते आणि दुरून गात असते. ‘बीस साल बाद’ १९६२ चा, ‘वह कौन थी’ १९६४ चा. हे चित्रपट संथ आहेत हे दुसऱ्या मतवाल्यांचं म्हणणं मला निम्मंच मान्य आहे. ‘वह कौन थी’ची सुरुवात पुन्हा पाहा. मुसळधार पाऊस, रस्त्यात उभी साधना, मनोजकुमार तिला गाडीत घेतो, काचेवरचे वायपर बंद पडतात, त्याला पुढचं काही दिसत नाही. तिला मात्र रस्ता दिसतो. एवढ्याशा वायपरवर काढलेली ती भीती मला आजच्या पंधरा स्फोटांपेक्षा जास्त वाटते. आणि गाणी नकोत म्हणणाऱ्यांसाठी त्याच काळात ‘कानून’ आणि ‘इत्तेफाक’ होतेच. दोन्ही चोप्रांच्या घरचे, पहिला १९६० चा, दुसरा १९६९ चा, आणि दोन्हींत एकही गाणं नाही.

या मालिकेत आपल्या मराठीचा वाटा मोठा आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा, जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी त्याचा हिंदीत ‘मेरा साया’ केला. बायकोचं निधन झालेलं आहे आणि तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी एक बाई दरोडेखोर म्हणून पकडली जाते. ती म्हणते, मीच तुमची बायको. बाकीचा बराचसा सिनेमा म्हणजे त्या बाईने भर कोर्टात स्वतःला सिद्ध करण्याची धडपड. संसारातल्या खाजगी गोष्टी चारचौघांत सांगाव्या लागतात, तरी नवऱ्याचा विश्वास बसत नाही. लहानपणी दूरदर्शनवर पाहताना मला फक्त ‘ही कोण?’ एवढंच कुतूहल होतं. चाळिशीत पाहिला तेव्हा तिची दमणूक दिसली.

आमच्या ऑफिसातल्या पोरांना ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, डीएनए चाचणी करायची, विषय संपला. विषय संपला नसता! ज्यांनी ‘मेरा साया’ शेवटपर्यंत पाहिलाय त्यांना कारण कळेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गप्प बसते. बोटांचे ठसे मात्र उपयोगी पडले असते, आणि ते १९६६ सालीही घेता येत होते. म्हणजे जुन्या रहस्यपटांत तर्काची भोकं आहेत हे खरं, पण ती तंत्रज्ञान नव्हतं म्हणून नाहीत.

आता पहिल्या मताकडे, म्हणजे खऱ्या मारामारीकडे. इथे सगळे ‘शोले’चं नाव घेतात. १९७५ सालचा, सत्तर एमएमचा, मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चाललेला. त्यात बसंतीचा टांगा उधळतो, डाकू मागे लागतात, ते दृश्य आपल्याला तोंडपाठ आहे. टांग्याची ती जिवावरची कामं हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण यांनी केली. टांगा उलटण्याच्या प्रसंगात त्यांना दुखापतही झाली. पोस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्यावर ‘द शोले गर्ल’ नावाचा चित्रपट निघाला तो २०१९ साली, चव्वेचाळीस वर्षांनी. तेव्हा ‘जुनी मारामारी खरी होती’ हे बरोबर आहे, फक्त ती कोणाची खरी होती हे विचारायला हवं. डुप्लिकेटचं काम चांगलं झालं याचा अर्थच असा की त्याचा चेहरा कोणाला दिसला नाही.

आणि कॉम्प्युटरला शिव्या देणाऱ्यांना, माझं पोटच त्यावर चालत असल्यामुळे, एक गोष्ट सांगते. पूर्वी कलाकाराला दोराने बांधायचं तर दोर कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून तो बारीक वापरावा लागे किंवा कोन बदलावा लागे. आता जाड, भक्कम दोर वापरतात आणि नंतर प्रत्येक चौकटीतून तो संगणकावर पुसून काढतात. २०११ च्या ‘मिशन इम्पॉसिबल’मध्ये टॉम क्रूझ दुबईच्या बुर्ज खलिफाला स्वतः लटकला तो अशाच दोरांवर. ज्या कॉम्प्युटरने खोटेपणा आणला म्हणतात, त्याच्यामुळेच नट-नट्यांना स्वतः उडी मारणं शक्य झालं. अर्थात हल्ली गाड्या चेंडूसारख्या आकाशात उडतात ते मलाही बघवत नाही. वस्तूला वजन असतं हे आपल्याला विज्ञानाच्या सरांनी छडी न वापरता शिकवलंय.

आपल्या बॅचचा स्वतःचा सिनेमा म्हणजे ‘बाजीगर’. नोव्हेंबर १९९३, आपण नववीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मधल्या सुट्टीत आपल्याच एका वर्गमित्राने जिन्याच्या पायऱ्यांवर उभं राहून तो सगळा सांगितला, संगीतासकट. मारामारीच्या सिनेमाला आम्हा मुलींना घरून परवानगी नसायची, त्यामुळे आमच्यातल्या बहुतेकींनी ते सिनेमे आधी कानांनीच पाहिले. लग्नाची नोंदणी करायला म्हणून नेलेल्या मुलीला हिरो गच्चीवरून ढकलतो, तिथे त्याने हातांनी ढकलून दाखवलं. मुलांनी शिट्ट्या मारल्या. हिरोच खुनी, हे तेव्हा अगदी नवीन होतं, शिट्ट्या त्याच्यासाठी होत्या हे मला कळतं. आमच्यातल्या एकीने विचारलं, त्या मुलीचं नाव काय होतं? सांगणाऱ्याला ते आठवेना. ती शिल्पा शेट्टी रे, एवढंच तो म्हणाला. नाव सीमा होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर पाहताना कळलं.

पुढे दहाच वर्षांनी, २००४ साली, श्रीराम राघवन यांच्या ‘एक हसीना थी’मध्ये आपल्या उर्मिला मातोंडकरने सारिका वर्तक उभी केली. प्रियकराने फसवून तुरुंगात धाडलेली ही मुलगी बाहेर येऊन त्याचा हिशोब चुकता करते. तो चित्रपट पाहताना मला सारखी ती गच्ची आठवत होती. २०१२ च्या ‘कहानी’त तर विद्या बालन कोलकात्यात दुर्गापूजेच्या गर्दीत पोट सांभाळत फिरते आणि सगळ्या पुरुषांना वाटतं, बिचारीला मदत करावी. याहून जास्त सांगितलं तर ज्यांनी पाहिला नाही ते मला मेळाव्यात जेवू देणार नाहीत.

शेवटी ‘दृश्यम’. मूळ २०१३ चा मल्याळम. हिंदीत २०१५ साली केला तो आपल्या निशिकांत कामत यांनी, आणि गोष्ट गोव्यात आणली. त्यातला विजय साळगावकर हा चौथी नापास केबलवाला आपल्यासारखाच साधा प्रेक्षक आहे. कायदा, पोलीस, पुरावा हे सगळं तो सिनेमे बघून शिकलाय. मोबाईल लांब जाणाऱ्या ट्रकवर टाकून पोलिसांना भलत्याच दिशेला पाठवण्याची त्याची युक्ती आमच्या धंद्यातल्या लोकांनाही दाद द्यायला लावते. पण घरी आम्ही तो तीन पिढ्यांनी एकत्र पाहिला तेव्हा विजयबद्दल कोणी फारसं बोललंच नाही. आईचा जीव तब्बूने केलेल्या मीरा देशमुखसाठी तुटत होता: पोलीस असली म्हणून काय झालं, तिचा मुलगा गेलाय. लेकीने सिनेमा थांबवायला लावला आणि विचारलं, चोरून व्हिडिओ काढला त्या मुलाने, मग घाबरायचं मुलीने कशाला? तिने पहिल्याच दिवशी आईबाबांना का नाही सांगितलं? आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्या वेळीही कोणी सांगत नव्हतं. मग त्या मध्यंतरातच आम्ही तिघी पाऊणएक तास बोलत बसलो, आणि राहिलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी पाहिला.