परदेशी वास्तव्यास जाताना आरोग्यसेवेची तरतूद

परदेशगमनाचा योग आला की तिकीट, व्हिसा, सामानाचे वजन आणि निरोपाची मेजवानी यांचा विचार घरोघरी महिनोन्महिने चालतो. तेथे आजारी पडलो तर कोणाकडे जायचे व खर्च कोण देणार, हा प्रश्न मात्र बहुधा पहिला ताप आल्यावरच सुचतो. आपल्याकडे गावातील डॉक्टर कुटुंबाच्या तीन पिढ्या ओळखतात, फी नंतर दिली तरी चालते. परदेशात ही सोय नाही. तेथील व्यवस्था उत्तम असली तरी ती कागदावर चालते, आणि प्रत्येक देशाचा कागद निराळा असतो.

आपल्या अनेक कुटुंबांनी कॅनडाचा मार्ग धरला असल्याने प्रथम त्या देशाविषयी. कॅनडात आरोग्यसेवा मोफत आहे, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९८४च्या आरोग्य कायद्यानुसार रुग्णालय व डॉक्टर यांचा आवश्यक खर्च सरकारी विम्यातून दिला जातो. तथापि हा विमा प्रत्येक प्रांताचा स्वतंत्र असतो आणि नवागतास तो पहिल्याच दिवसापासून मिळेल असे नाही. कायद्याने प्रांतांना जास्तीत जास्त तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ ठेवण्याची मुभा दिली आहे. ऑन्टॅरिओने मार्च २०२० मध्ये हा काळ रद्द केला. ब्रिटिश कोलंबियात आगमनाच्या महिन्याचे उरलेले दिवस व त्यानंतरचे दोन महिने थांबावे लागते. म्हणून टोरोंटोस राहणाऱ्या भावाचा अनुभव व्हँकुव्हरला जाणाऱ्या बहिणीने प्रमाण मानू नये. प्रतीक्षेच्या काळासाठी खासगी विमा येथून निघण्यापूर्वीच घ्यावा, कारण पोहोचल्यानंतर घेतलेल्या विम्यात अनेक कंपन्या पहिल्या काही दिवसांतील आजार वगळतात.

दात, चष्मा व घरी घ्यावयाची औषधे यांचा खर्च सर्वसाधारण प्रौढास या सरकारी विम्यातून मिळत नाही. नोकरी स्वीकारताना पगाराबरोबरच मालकाच्या पूरक आरोग्य विम्याचीही चौकशी करावी. जाण्यापूर्वी दातांची कामे येथेच उरकून घेणे शहाणपणाचे. विद्यार्थ्यांनी तर विशेष दक्ष असावे: ऑन्टॅरिओत परदेशी विद्यार्थ्यास प्रांताचा विमा लागू होत नाही, त्यास विद्यापीठामार्फत किंवा खासगीरीत्या विमा घ्यावा लागतो. कौटुंबिक डॉक्टर मिळणे हीदेखील तेथे मोठी अडचण आहे. लाखो रहिवाशांना तो मिळालेला नाही. तेव्हा पोहोचताच प्रतीक्षायादीत नाव घालावे आणि तोवर वेळ न ठरवता जाता येणाऱ्या ‘वॉक-इन’ दवाखान्यावर भिस्त ठेवावी. बहुतेक प्रांतांत ८११ या क्रमांकावर परिचारिका दूरध्वनीवरून सल्ला देते.

आता आईवडिलांविषयी. नातवंडांच्या संगोपनासाठी त्यांना बोलावून घेण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. सुपर व्हिसावर त्यांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा व किमान एक वर्षाचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरील काही मान्यताप्राप्त कंपन्यांचा विमाही यासाठी चालतो. येथे पुष्कळ जण स्वस्तात स्वस्त पॉलिसी घेऊन मोकळे होतात. हे लेखकास मुळीच पसंत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे पूर्वीचे आजार स्वस्त पॉलिसीतून बहुधा वगळलेले असतात. ज्या पॉलिसीत ते समाविष्ट असतात, तिच्यातही ठरावीक काळ, उदाहरणार्थ ९० किंवा १८० दिवस, आजार ‘स्थिर’ असावा अशी अट असते. निघण्याच्या महिन्यात डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली, तरी कंपनी दावा नाकारू शकते. अर्जात आजार लपविल्यास तर संपूर्ण पॉलिसीच धोक्यात येते. सत्तरीच्या मातेसाठी विमा घेताना त्यातील बारीक अक्षरे मुलाने स्वतः वाचावीत, दलालावर सोपवू नयेत.

ब्रिटनमध्ये पद्धत निराळी आहे. सहा महिन्यांहून अधिक वास्तव्याच्या बहुतेक व्हिसांसाठी आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड, तर विद्यार्थी व अठरा वर्षांखालील मुले यांना ७७६ पौंड आहे. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांची रक्कम एकदम द्यावी लागते, आणि कुटुंबातील प्रत्येकासाठी वेगळी. ती भरल्यावर तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेचा लाभ मिळतो. मात्र पोहोचताच जवळच्या जी.पी. डॉक्टरांकडे नाव नोंदविणे अगत्याचे आहे. भारतातून दीर्घ वास्तव्यास जाणाऱ्यास मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचा दाखलाही जोडावा लागतो. पर्यटक व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना हा अधिभार नसतो, पण रुग्णालयात दाखल झाल्यास खर्च त्यांच्याकडून वसूल होतो.

आखाती देशांपैकी संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून सातही अमिरातींत खासगी क्षेत्रातील कामगारांसाठी आरोग्य विमा सक्तीचा आहे व त्याचा हप्ता मालकाने भरावयाचा असतो. पगारातून तो कापला जात असल्यास हरकत घ्यावी. ज्यांच्या पारपत्रावर देशांतर तपासणीचा शिक्का आवश्यक असतो, त्यांना भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजनाही घ्यावी लागते. या देशांत औषधांबाबत कायदे कडक आहेत. आपल्याकडे सहज मिळणारे कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलची गोळी परवानगीविना बॅगेत सापडल्यास अटकही होऊ शकते. मैत्रिणीच्या सासूसाठी म्हणून दिलेली पुडी तर कोणीच नेऊ नये.

घरून न्यावयाच्या कागदांत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हवेच: आजार, शस्त्रक्रिया, अ‍ॅलर्जी व चालू औषधे. औषधांची नावे मूळ रसायनाची असावीत, कारण आपली व्यापारी नावे तेथे कोणी ओळखत नाही. इतकेच काय, आपले पॅरासिटामॉल कॅनडात अ‍ॅसिटॅमिनोफेन या नावाने मिळते. रक्तातील साखरेचे आकडेही तेथे व ब्रिटनमध्ये वेगळ्या मापात दिले जातात. आपल्या आकड्याला १८ ने भागले की तेथील आकडा येतो. आपले १२६ म्हणजे तेथील ७. हे ठाऊक नसल्याने घाबरणारे व उलट निष्काळजी राहणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण असतात.

मुलांच्या लसीकरणाचे कार्ड जपून न्यावे. ऑन्टॅरिओत शाळेसाठी लसींची नोंद द्यावी लागते. त्यांत गालगुंडाची लस आहे आणि २०१० मध्ये वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी कांजिण्यांचीही. भारताच्या सरकारी कार्यक्रमात या दोन्ही लसी नाहीत. त्या येथे खासगी डॉक्टरांकडे घेता येतात. लहानपणी बीसीजी घेतल्याचेही सांगावे, कारण त्यामुळे क्षयरोगाच्या त्वचाचाचणीचा अर्थ लावताना गोंधळ होऊ शकतो.

रुग्णालयात दाखल होताना धर्माचा रकाना रिकामा सोडू नये. ‘कॅथलिक’ अशी नोंद असल्यास रुग्णालयाच्या धर्मगुरूंना निरोप देणे सोपे जाते आणि रुग्णाभ्यंगाची विनंती वेळेवर पोहोचते.

शेवटची बाब येथील आरोग्य विम्याची. परदेशी गेलो म्हणून ही पॉलिसी बंद करण्याची घाई करू नये. ती खंडित झाली आणि काही वर्षांनी परत येऊन नवी घेतली, तर पूर्वीच्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि वाढलेल्या वयामुळे हप्ताही अधिक पडतो. पत्ता बदलल्याची सूचना कंपनीस देऊन हप्ता वेळेवर जाईल अशी व्यवस्था बँकेत करून ठेवावी.