ठासणीच्या बंदुकीचे गंजरक्षण

ठासणीच्या बंदुकीचे गंजरक्षण : तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासायच्या बंदुकीत काही लोखंडी भाग दस्त्याच्या लाकडात, चापाच्या यंत्रणेत व नळीच्या बुडाशी झाकलेले असतात. त्यांना गंज चढू नये म्हणून करावयाची निगा.

ऐतिहासिक संदर्भ : अहमदनगर (अहिल्यानगर) ही निजामशाहीची राजधानी असताना येथे तोफा ओतल्या जात. 1549 मध्ये नगरला ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर उघड्यावर आहे. ती काशाची असल्याने तिला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. बंदुकीची नळी, कमानी आणि खिळे मात्र लोखंड-पोलादाचे असतात. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने नगरचा किल्ला घेतला, तेव्हा पायदळाच्या हाती ठासणीच्याच चकमकी बंदुका होत्या.

गंजाची कारणे : काळी दारू सोरा, कोळसा व गंधक यांची असते, प्रचलित प्रमाण 75:15:10. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने उरतो. त्यातील पोटॅशियमचे क्षार हवेतील ओल शोषतात. टोपीच्या (घोड्याच्या आघाताने पेटणारी टोपी लावायच्या) जुन्या बंदुकांत टोपीतल्या क्लोरेटपासून क्लोराइड तयार होते. ते अधिक घातक. दस्त्याचे लाकूडही ओल व आम्ल धरून ठेवते. पितळी पट्टी लोखंडाला भिडते तेथे ओलाव्यात लोखंड आधी झिजते.

धोक्याच्या जागा : (1) नळीची लाकडात बसलेली खालची बाजू, (2) नळीच्या बुडाचा डाट व त्याचे आटे, (3) रंजकाचे भोक, (4) घोड्यामागची कमान व खटके, (5) दस्त्यातून नळीला धरणाऱ्या खिळ्या, (6) रायफलीच्या नळीतील चऱ्यांचे कोपरे. 1853 च्या एन्फिल्ड रायफलीत अशा तीन चऱ्या होत्या. तिची नळी पट्ट्यांनी धरलेली असल्याने ती उतरवणे सोपे. खिळ्यांनी जखडलेली नळी वारंवार काढली की लाकूड फुटते. देशी तोडेदार बंदुकीची नळी बहुधा चामड्याच्या वादीने वा तारेने दस्त्याला बांधलेली असते. त्या बांधणीखाली ओल साचते.

निगा : क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यामुळे बार काढल्यावर नुसते तेल पुसून भागत नाही. आधी गरम पाण्याने नळी धुवावी, चिंधी कोरडी निघेपर्यंत पुसावी आणि मग खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. नळीच्या लाकडाखालच्या बाजूला मेण चांगले. ते निथळत नाही व लाकडात मुरत नाही. जवसाचे तेल दस्त्याला योग्य, पण कमानीवर ते वाळून चिकट होते आणि घोडा अडखळतो.

हवामान : नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत असला, तरी अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीकडे पावसाळाभर हवा दमट राहते. तेथे झाकलेले भाग पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणे आवश्यक ठरते. चामड्याच्या म्यानात बंदूक कायम ठेवू नये. संग्रहालयात सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत ठेवणे हिताचे.

जुन्या बंदुकांचे जतन : वाड्यात सापडलेली बंदूक भरलेली असू शकते. ती स्वतः उघडू किंवा हाताळू नये. पोलिसांना कळवून जाणकाराकडून तपासून घ्यावी. नळीत सोडलेला गज रंजकाच्या भोकापर्यंत पोहोचतो की अलीकडेच अडतो, यावरून जाणकार ते ओळखतो. बुडाचा डाट जोर लावून फिरवू नये. विटकरीची पूड, राख वा चिंचेने नळी घासल्यास गंजाबरोबर कारागिराची खूण व कोरीव अक्षरेही जातात आणि पुन्हा येत नाहीत. वापरातील बंदुकीला शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवाना लागतो.