साखरखेर्ड्याची यादवी

मोगल सत्तेतील यादवीचे एक रणांगण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे दोन मोगल सरदार एकमेकांवर तुटून पडले. एकीकडे दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत परतलेला निजाम-उल-मुल्क, दुसरीकडे हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान. दोघेही मुसलमान, दोघेही एकाच तख्ताचे चाकर! मुबारिजखानाला तर बादशहा महंमदशहाचीच आतून फूस होती. आणि निजामाच्या मदतीला कोण? बाजीराव पेशवा. धर्मावरून बाजू ठरवणाऱ्यांचा हिशेब येथे जुळत नाही, हे पालकांनीही मुलांना सांगावे. मुबारिजखान रणात पडला. निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. ज्या बादशहाने मुबारिजखानाला पुढे केले, त्यानेच १७२५ मध्ये निजामाला ‘आसफजाह’ हा किताब दिला.